रेषीय समीकरणे, कोष्टके आणि दैनंदिन खर्चाचा हिशेब : शालेय पाठ्यपुस्तकांतील शाब्दिक उदाहरणांची चिकित्सा

शालेय बीजगणितात 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' या घटकाचे समर्थन बहुधा एकाच मुद्द्यावर केले जाते. हा घटक व्यवहाराशी जोडलेला आहे, असे म्हटले जाते. बहुपदी किंवा वर्गमुळांचा उपयोग काय, असे विद्यार्थ्याने विचारले तर शिक्षक अडखळतो. रेषीय समीकरणांच्या बाबतीत मात्र टॅक्सीचे भाडे, वाचनालयाची फी, वसतिगृहाचा खर्च, वही-पेनाच्या किमती अशी उदाहरणे तयार असतात. ही उदाहरणे व्यवहाराविषयी खरोखर काय सांगतात, खर्चाची रचना विद्यार्थ्याला उलगडून दाखवतात की केवळ समीकरण मांडण्याचे निमित्त ठरतात, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली इयत्ता नववी व दहावीची गणिताची पुस्तके मुख्यत्वे विचारात घेतली आहेत. महाराष्ट्रातील बालभारतीच्या २०१७ च्या नववीच्या पुस्तकाचा संदर्भ जेथे आवश्यक तेथे घेतला आहे.

या पुस्तकांमागील भूमिका उदार होती, हे प्रथम नमूद केले पाहिजे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने गणित अध्यापनावरील जो भूमिका-निबंध तयार झाला, त्यात मुलाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे गणित शिक्षणाचे मुख्य उद्दिष्ट मानले गेले. उत्तरे काढण्याचे कौशल्य हे त्यामानाने संकुचित उद्दिष्ट ठरवले गेले. दैनंदिन खर्चाची उदाहरणे या उद्दिष्टाच्या कसोटीवर तपासणे म्हणजे बाहेरची फूटपट्टी लावणे नव्हे. ही कसोटी त्यांनी स्वतःच पत्करलेली आहे.

टॅक्सीचे उदाहरण

नववीच्या पुस्तकातील एक उदाहरण सर्वपरिचित आहे. एका शहरात टॅक्सीचे भाडे पहिल्या किलोमीटरला ८ रुपये व त्यापुढील अंतराला प्रतिकिलोमीटर ५ रुपये आहे. अंतर क्ष व एकूण भाडे य मानून समीकरण लिहा आणि आलेख काढा. अपेक्षित उत्तर य = ५क्ष + ३ असे येते. विद्यार्थी क्ष = ०, क्ष = १, क्ष = २ अशा सोयीच्या किमती घेऊन तीन ओळींचे कोष्टक करतो, बिंदू स्थापन करतो आणि पट्टीने रेषा ओढतो. त्याला पूर्ण गुण मिळतात.

तथापि या उत्तरातील पहिलाच बिंदू व्यवहारात नाही. क्ष = ० घेतल्यास य = ३ येते. वस्तुतः टॅक्सीत बसलेल्या प्रवाशाचे किमान भाडे ८ रुपये आहे. अर्धा किलोमीटर गेल्यास समीकरण साडेपाच रुपये सांगते, चालक ८ रुपये घेतो. म्हणजे समीकरण क्ष हा १ किंवा त्याहून अधिक असतानाच लागू पडते. त्याअलीकडे आलेख क्षितिजसमांतर रेषाखंड आहे. प्रश्न ही मर्यादा विचारत नाही आणि पुस्तकातील उत्तर तिचा उल्लेख करीत नाही. ज्या विद्यार्थ्याने खरा आलेख, म्हणजे आधी सपाट व नंतर चढणारी मोडलेली रेषा काढली, त्याच्या उत्तरपत्रिकेचे परीक्षक काय करील, ही कल्पना करून पाहण्यासारखी आहे.

याहून गंभीर बाब त्या '३' या स्थिरांकाच्या अर्थाची आहे. वर्गात सहसा असे सांगितले जाते की स्थिरांक म्हणजे स्थिर आकार आणि क्षचा सहगुणक म्हणजे दर. दहावीच्या पुस्तकात एक उदाहरण असे आहे की टॅक्सीचे भाडे स्थिर आकार अधिक अंतरानुसार आकार असे असून १० किलोमीटरला १०५ रुपये व १५ किलोमीटरला १५५ रुपये पडतात. येथे स्थिर आकार ५ रुपये, दर १० रुपये येतो आणि वरील विधान बरोबर ठरते. त्याच प्रकरणातील दुसऱ्या एका उदाहरणात वाचनालय पहिल्या तीन दिवसांसाठी ठरावीक रक्कम घेते व पुढील प्रत्येक दिवसाला जादा आकार लावते. सात दिवसांचे २७ रुपये व पाच दिवसांचे २१ रुपये झाले. उत्तर येते स्थिर रक्कम १५ रुपये आणि जादा आकार ३ रुपये. आता पुस्तक ठेवल्याचे एकूण दिवस क्ष मानून हाच खर्च लिहिला तर य = ३क्ष + ६ मिळते. स्थिर रक्कम १५ आहे, पण य-अक्षावरील अंतःखंड ६ आहे. कारण उघड आहे. पहिल्या उदाहरणातील स्थिर आकार दराच्या जोडीने लागतो, तर दुसऱ्यातील स्थिर रक्कम पहिल्या तीन दिवसांचा मोबदला पोटात घेते. दोन रचना वेगळ्या आहेत, नाव मात्र एकच. पुस्तकात ही दोन्ही उदाहरणे काही पानांच्या अंतराने येतात आणि त्यांतील भेदाकडे कोणी बोट दाखवीत नाही. वापरावयाच्या रीतीनुसार उदाहरणांची विभागणी केल्याचा हा परिणाम म्हणावा लागेल. एक 'आदेश पद्धती'च्या सरावात बसते, दुसरे 'निरसन पद्धती'च्या. खर्चाच्या रचनेनुसार त्यांची मांडणी झाली असती तर ती शेजारी आली असती.

प्रत्यक्ष दरपत्रक काय सांगते

प्रत्यक्षातील दर घेऊन पाहिल्यास हा भेद किती महत्त्वाचा आहे हे स्पष्ट होते. पुण्यात १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार रिक्षाचे भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये व त्यापुढे प्रतिकिलोमीटर १७ रुपये असे ठरले. दीड किलोमीटरच्या पुढील अंतरासाठी य = २५ + १७(क्ष − १.५), म्हणजेच य = १७क्ष − ०.५. अंतःखंड ऋण आला! 'स्थिरांक म्हणजे स्थिर आकार' हे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला येथे रिक्षाचा स्थिर आकार उणे पन्नास पैसे आहे, असे म्हणावे लागेल. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्यापिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये व प्रतिकिलोमीटर दर २०.६६ रुपये झाला. २०.६६ ला दीडने गुणल्यास ३०.९९ येतात. म्हणजे मुंबईच्या टॅक्सीत स्थिर आकार असा काही नाहीच. भाडे अंतराच्या समप्रमाणात आहे आणि दीड किलोमीटरच्या आत त्याला केवळ एक तळ घातलेला आहे. रिक्षाचेही तसेच आहे. १७.१४ रुपये दराने दीड किलोमीटरचे २५.७१ होतात, ते पूर्णांकात २६ केले गेले.

स्थिर आकार आणि किमान भाडे या दोन वेगळ्या धोरणांच्या गोष्टी आहेत. स्थिर आकार प्रत्येक प्रवाशाकडून घेतला जातो, तो दहा किलोमीटर जावो की दोन. किमान भाड्याचा भार केवळ जवळच्या प्रवाशावर पडतो आणि जवळचे भाडे घेणाऱ्या चालकाचे त्यामुळे नुकसान होत नाही. हा फरक पुढील कोष्टकात दिसतो. पहिल्या जोडीत पाठ्यपुस्तकातील टॅक्सी व दुसऱ्या जोडीत पुण्याचे २०२२ चे रिक्षादर घेतले आहेत. रक्कम रुपयांत असून पूर्णांकात केलेली नाही.

अंतर (किमी) | पुस्तकातील भाडे | प्रतिकिमी | पुणे रिक्षा | प्रतिकिमी
१ | ८ | ८.०० | २५ | २५.००
२ | १३ | ६.५० | ३३.५० | १६.७५
३ | १८ | ६.०० | ५०.५० | १६.८३
५ | २८ | ५.६० | ८४.५० | १६.९०
१० | ५३ | ५.३० | १६९.५० | १६.९५

पाठ्यपुस्तकातील टॅक्सीत जितके दूर जावे तितका प्रतिकिलोमीटर खर्च कमी होत जातो. पुण्याच्या रिक्षात दोन किलोमीटरच्या पुढे तो जवळजवळ स्थिर राहतो, किंबहुना किंचित वाढतो. समीकरणांकडे पाहून ही गोष्ट चटकन लक्षात येत नाही. ती कोष्टकात, आणि तेही भागाकाराचा एक स्तंभ वाढवल्यानंतरच, उघड होते. पाठ्यपुस्तकांत कोष्टकाला मिळालेले स्थान पाहता ही बाब विशेष अधोरेखित करण्याजोगी आहे. तेथे कोष्टक म्हणजे आलेखासाठी दोन-तीन बिंदू पुरवणारी तात्पुरती सोय आहे. किमती अशा निवडायच्या की य पूर्णांक येईल आणि बिंदू आलेखकागदावर मावेल. खर्चाविषयी काही शोधण्यासाठी कोष्टक करायचे असते, हा संस्कार त्यातून होत नाही.

व्यवहारात याच्या उलट स्थिती दिसते. भाडेवाढीनंतर मीटर नव्या दरांशी जुळवून होईपर्यंत मुंबईचा रिक्षाचालक अधिकृत भाडेपत्रक दाखवतो. यांत्रिक मीटरच्या काळात तर मीटरवरील आकडा व द्यावयाची रक्कम यांची सांगड घालणारे असे पत्रक हेच भाडे ठरवण्याचे साधन होते. चालक आणि प्रवासी या दोघांनाही समीकरण ठाऊक असण्याची गरज नव्हती, पण दोघेही कोष्टक वाचत होते. त्याही आधी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मराठी शाळांतून पाठ करून घेतले जात. ती तोंडपाठ केलेली दरपत्रकेच होती. सव्वा रुपया दराने सात शेरांचे किती, हे सवायकी म्हणणाऱ्या मुलाला मांडून काढावे लागत नसे. या पाढ्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण पाठांतराच्या त्या पद्धतीत रचना समजण्याला वाव थोडाच होता. तरीही किंमत आणि परिमाण यांचा संबंध स्तंभांतून वाचण्याची सवय तिने लावली होती, हे मान्य करावे लागते.

मोडणारी रेषा, तुटणारी रेषा

विजेचे बिल हे मध्यमवर्गीय व गरीब अशा दोन्ही घरांत दरमहा येणारे गणित होय. महावितरणच्या घरगुती दरांत पहिली १०० युनिटे, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० व त्यापुढील असे टप्पे गेली अनेक वर्षे राहिले आहेत. विवेचनाच्या सोयीसाठी कल्पित दर घेऊ. स्थिर आकार १०० रुपये, पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी ५ रुपये, पुढील २०० युनिटांना प्रत्येकी १० रुपये. शंभर युनिटांपर्यंत य = ५क्ष + १००. त्यापुढे य = ६०० + १०(क्ष − १००), म्हणजे य = १०क्ष − ४००. पुन्हा ऋण अंतःखंड. शंभराव्या युनिटाला बिल ६०० रुपये, एकशेएकाव्याला ६१०. 'एक युनिट जास्त पडले की सगळेच बिल वरच्या दराने लागते' हा समज घरोघरी आढळतो. तो खरा असता तर एकशेएक युनिटांचे बिल १,११० रुपये झाले असते. येथे रेषा मोडते, तुटत नाही. हा समज बाळगणाऱ्यांत दहावीला गणितात उत्तम गुण मिळवलेल्यांचाही समावेश असतो, हे प्राध्यापकांच्या विश्रामकक्षात तपासून पाहता येईल.

याच बिलात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. महिन्याला १५० युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाचे बिल १,१०० रुपये येते, म्हणजे सरासरी युनिटाला ७.३३ रुपये पडतात. या कुटुंबाने एक जुना दिवा बदलून दहा युनिटे वाचवली तर किती पैसे वाचतील? सरासरीने मोजल्यास ७३ रुपये. वास्तविक वाचतात १०० रुपये, कारण वाचलेली युनिटे वरच्या टप्प्यातली असतात. उलट ८० युनिटे वापरणाऱ्या घरात तीच दहा युनिटे वाचल्यास केवळ ५० रुपये वाचतात, जरी तेथे सरासरी खर्च ६.२५ रुपये असला तरी. 'चढ' या संज्ञेचा घरगुती अर्थ हाच आहे. तो पाठ्यपुस्तकात चढाची व्याख्या पाठ करणाऱ्यास क्वचितच भेटतो.

एस.टी.च्या भाड्यात रेषा खरोखर तुटते. भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते. त्यामुळे सहा व सात किलोमीटरच्या भाड्यांत एका पूर्ण टप्प्याचा फरक पडतो, तर सात व बारा किलोमीटरच्या भाड्यांत काहीच फरक पडत नाही. ग्रामीण महाविद्यालयातील अनेक विद्यार्थी ज्या वाहनाने येतात त्याचे भाडे रेषीय समीकरणात बसत नाही. पायऱ्यांचा हा आलेख शिकवण्यास अवघड मुळीच नाही. तो केवळ प्रकरणाच्या शीर्षकात मावत नाही.

बालभारतीच्या नववीच्या पुस्तकात पाचवे प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आणि सहावे 'अर्थनियोजन' हे आहे. अर्थनियोजनात आयकराचे टप्पे कोष्टकाने दिलेले आहेत. २०१७-१८ या आर्थिक वर्षातील दरांनुसार पाच ते दहा लाखांच्या टप्प्यात कर १२,५०० रुपये अधिक पाच लाखांवरील रकमेच्या २० टक्के असा होता (उपकर वेगळा). ही कोष्टकातली एक ओळ म्हणजे य = ०.२क्ष − ८७,५०० हे समीकरणच होय, आणि सबंध कोष्टक म्हणजे तीन ठिकाणी मोडलेली एक रेषा. पान उलटले की दिसणाऱ्या या दोन प्रकरणांत पूल बांधला गेला असता तर रेषीय समीकरणाला भारतीय राज्यव्यवस्थेतील कदाचित सर्वांत प्रभावी उदाहरण मिळाले असते.

आक्षेप आणि परिशिष्ट

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. शालेय उदाहरण हे प्रतिमान असते आणि प्रतिमानात सुलभीकरण अटळ असते. रात्रीचा जादा आकार, प्रतीक्षेचे पैसे, पूर्णांकीकरण हे सारे आणले तर विद्यार्थी गोंधळेल. हा आक्षेप अर्धा खरा आहे. सुलभीकरण हवेच, परंतु ते सुलभीकरण आहे हे सांगितले जात नाही, ही खरी अडचण आहे. २००६ च्या नववीच्या पुस्तकाने हे काम केले आहे, पण परिशिष्टात. 'गणितीय प्रतिमाने' या परिशिष्टात ४३२ किलोमीटरला ४८ लिटर पेट्रोल लागले तर १८० किलोमीटरला किती, असा साधा प्रश्न घेऊन गृहीतके, मांडणी, उकल व अर्थनिर्णय अशा पायऱ्या दाखवल्या आहेत आणि रस्त्याची परिस्थिती तीच राहिली तरच २० लिटर हे उत्तर खरे, याची जाणीव करून दिली आहे. हे विवेचन उत्कृष्ट आहे. ते परीक्षेसाठी नसल्यामुळे बहुतेक वर्गांत उघडले गेले नाही, एवढाच त्याचा दोष. मूळ प्रकरणातील टॅक्सीला या परिशिष्टाचा लाभ झाला नाही.

असे घडते तेव्हा विद्यार्थी काय शिकतो, याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापनातील एक प्रश्न १९८३ पासून चर्चेत आहे. एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, १,१२८ सैनिकांना किती बसेस लागतील? तेरा वर्षांच्या सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला, परंतु ३२ हे उत्तर केवळ २३ टक्के मुलांनी दिले. अनेकांनी '३१ बाकी १२' असे लिहिले. शाब्दिक उदाहरणातील शब्द अंकांपर्यंत पोहोचण्याचा अडथळा आहेत, ते पार केले की विसरायचे, हा धडा या मुलांनी शाळेतच घेतला होता. ब्राझीलमधील रेसिफे येथे टेरेझिना नुनेस कॅराहर, डेव्हिड कॅराहर व ॲनालुसिया श्लिमान यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याची दुसरी बाजू दाखवतो. रस्त्यावर फळे व खाद्यपदार्थ विकणाऱ्या पाच मुलांनी गिऱ्हाइकाच्या भूमिकेतून विचारलेल्या ६३ प्रश्नांपैकी ९८.२ टक्के प्रश्नांची उत्तरे बरोबर दिली. त्याच प्रकारचे हिशेब नंतर कागदावर शाब्दिक उदाहरणे म्हणून दिले तेव्हा हे प्रमाण ७३.७ टक्के झाले आणि निव्वळ अंकांची आकडेमोड म्हणून दिले तेव्हा ३६.८ टक्के. पस्तीस क्रुझेरो दराने दहा नारळांची किंमत काढताना एका बारा वर्षांच्या मुलाने पस्तीसवर शून्य दिले नाही. तीन नारळांचे १०५ त्याला पाठ होते. ते तीनदा मिळवून त्याने त्यात एक नारळ घातला. हे मनातले कोष्टकच होते आणि ते चोख होते. केवळ पाच मुलांवरील या अभ्यासातून व्यापक निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. मात्र एकाच मुलाच्या दोन कामगिऱ्यांतील अंतर त्याने निर्विवादपणे पुढे आणले.

वसतिगृहाचे उदाहरण

दहावीच्या पुस्तकात वसतिगृहाचे एक उदाहरण होते. खर्चाचा एक भाग स्थिर, दुसरा भोजनाच्या दिवसांवर अवलंबून. २० दिवसांचे १,००० रुपये, २६ दिवसांचे १,१८० रुपये. उत्तर स्थिर खर्च ४०० रुपये व रोजचे जेवण ३० रुपये. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात खोली घेऊन राहणारा विद्यार्थी हे उदाहरण वाचून एक प्रश्न विचारील : खाड्याचा नियम काय? पुष्कळ खानावळींत एखाददुसऱ्या दिवसाचा खाडा धरला जात नाही, सलग काही दिवस सुट्टी घेतली तरच पैसे वजा होतात. म्हणजे खर्च 'जेवलेल्या दिवसांवर' अवलंबून नसून गैरहजेरी सलग होती की विखुरलेली, यावरही अवलंबून आहे. दोन चलांचे समीकरण येथे अपुरे पडते. आणि ज्या मुलाने घरून आलेल्या मोजक्या पैशांत महिना काढायचा आहे, त्याच्या दृष्टीने नेमका तोच भाग महत्त्वाचा असतो.

हाच विषय वेगळ्या रीतीने मांडता येतो. समजा खानावळीत एका वेळचे ताट ७० रुपयांना आहे आणि महिन्याचा डबा आगाऊ १,८०० रुपयांना, खाडा न धरता. य = ७०क्ष आणि य = १,८०० या रेषा क्ष = २५.७१ ला छेदतात. पण पाऊण ताट कोणी जेवत नाही. कोष्टक केले तर २५ दिवसांना सुट्या ताटांचे १,७५० रुपये होतात व २६ दिवसांना १,८२०. महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार गावी जाणारा विद्यार्थी तीस दिवसांच्या महिन्यात २६ दिवस जेवतो. डबा लावल्यास त्याचे २० रुपये वाचतात. एकदा आजारी पडून एक दिवस बुडाला तर ५० रुपये जादा जातात. आणि १,८०० रुपये महिन्याच्या पहिल्या तारखेला, शिष्यवृत्तीची रक्कम जमा होण्याआधी, हातात असावे लागतात. 'दोन रेषांचा छेदनबिंदू काढा' या प्रश्नाला सध्या जे गुण दिले जातात, त्यांतील निम्मे गुण २५ व २६ या दोन ओळी वाचून निर्णय लिहिण्यासाठी राखून ठेवले, तर प्रश्नपत्रिकेच्या आराखड्यात एका ओळीपलीकडे काही बदलावे लागणार नाही.